हत्यारांची पेटी रंगावर नको, वजनावर घ्या



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. पौषाची थंडी, रात्रीचे दहा वाजून गेलेले. माजलगावच्या कालव्याच्या पट्ट्यातले एक ऊस उत्पादक दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे निघाले. नाव सांगत नाही, कारण त्या जागी उद्या आपल्यापैकी कुणाचेही नाव बसेल. वस्तीपासून चारेक किलोमीटर गेले असतील, तोच मागच्या ट्रॉलीचे चाक डगमगू लागले. उतरून पाहतात तो चाकाचे नट ढिले. काम पाच मिनिटांचे. पण चाकपाना कुठे आहे? सीटखाली हात घातला तर एक पक्कड निघाली आणि एक मूठ फुटलेला स्क्रू ड्रायव्हर. घरी फोन लावला. पोराने बॅटरी घेऊन गोठा पाहिला, मोटारीची खोली पाहिली, माळवद पाहिले. "आबा, पाना तर दिवाळीत शेजारच्या वस्तीवर गेला होता ना?" शेजारी म्हणाले, "आम्ही तर कवाच परत दिला."

सकाळी झाडलोट करताना पाना सापडला. गव्हाणीच्या खाली, कडब्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पण हा वळसा महागात पडला. तोडलेला ऊस रात्रभर रस्त्यावर उभा राहिला. ऊस तोडला की त्याचे घड्याळ सुरू होते. चोवीस तासांच्या आत तो गाळपाला पडावा असे आपण नेहमी सांगतो, ते उगीच नव्हे. ऊस वाळतो तसे वजन घटते, म्हणजे सरळ आपला पैसा घटतो. आणि आतल्या साखरेचे विघटन होऊन उतारा पडतो, म्हणजे सगळ्यांचाच पैसा घटतो. वर खेप बुडाली आणि दुसऱ्या दिवशी तोडणीची टोळी रिकामी ट्रॉली येईपर्यंत बांधावर बसून राहिली. पाना हरवला नव्हता, चोरीला गेला नव्हता. त्याला फक्त घर नव्हते.

म्हणून या अंकात त्या घराविषयी, म्हणजे हत्यारांच्या पेटीविषयी, चार गोष्टी लिहीत आहोत. विषय लहान वाटेल. पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, विहिरीवर मोटार आहे, त्याला तो लहान नाही.

बलुते गेले, पेटी आली नाही

आपल्या आजोबांना पेटीची गरज नव्हती. नांगराचा फाळ बोथटला की लोहाराच्या भात्यापाशी जायचे, मोटेचे चाक मोडले की सुताराला हाक मारायची. हत्यारे त्यांची, सांभाळ त्यांचा. आपण सुगीला खळ्यावर बलुते घालायचे. पुढे लोखंडी नांगर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि त्यांचा नांगर गावोगाव गेला. त्या नांगराबरोबर नट-बोल्टही शेतात आले. मागून ऑइल इंजिन आले, विजेची मोटार आली, ट्रॅक्टर आला, आता ठिबकचा फिल्टर आणि व्हॉल्व्ह आले. लोहार-सुताराचे निम्मे काम आपल्या अंगावर आले. हत्यारेही आपण एकेक करून घेतली. पण लोहाराची सवय काही घेतली नाही. काम संपले की लोहार हत्यार पुसून जागच्या जागी ठेवत असे. आपण ते बांधावर ठेवतो आणि पाणी धरायला जातो.

या लेखासाठी आम्ही काही वस्त्या फिरलो. हत्यारे कुठे ठेवता, असे विचारले. कुठे युरियाच्या रिकाम्या गोणीत, कुठे कापलेल्या तेलाच्या डब्यात, कुठे भिंतीच्या कोनाड्यात, कुठे थेट ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. एका ठिकाणी मात्र उत्तर मिळाले, "पेटीत." पेटी उघडली तर वर धान्याची पोती शिवायचे दाभण आणि सुतळी, खाली मुलाची जुनी पुस्तके, आणि तळाशी गंजलेले पाने! पेटी होती, पण ती हत्यारांची नव्हती.

नांगराला लागलेली पेटी

पेटीत ठेवलेले हत्यार किती टिकते याचा एक दाखला सांगतो. बाल्टिक समुद्रात स्वीडन देशाचे गोटलँड नावाचे बेट आहे. तिथे १९३६ साली एक शेतकरी नांगरत होता. जमीन मूळची दलदल, पाणी काढून वहितीला आणलेली. नांगराला काही अडकले म्हणून पाहिले तर ओकच्या लाकडाची पेटी निघाली. तिच्याभोवती लोखंडी साखळी होती. आत आणि आसपास हातोडे, सांडशी, कानशी, करवती, वाकस, कुलपे, किल्ल्या असे दोनशेच्या वर जिन्नस सापडले. पेटी सुमारे हजार वर्षांपूर्वीची, लोहारकी आणि सुतारकी दोन्ही करणाऱ्या कुणा कारागिराची. दलदलीच्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड टिकले आणि लोखंडही. मेस्टरमीरची पेटी म्हणून ती आज जगभर ओळखली जाते.

ही पेटी लांबीला सुमारे नव्वद सेंटिमीटर, म्हणजे आपली तीन फुटी ट्रंक! हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही तेच माप सोयीचे वाटले. सगळ्यांत लांब हत्यार आडवे मावावे आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून उचलावी, एवढाच हिशेब.

आधी हत्यारे मोजा, मग पेटी

नाल सापडली म्हणून घोडा घेऊ नये, तशी पेटी छान दिसली म्हणून पेटी घेऊ नये. आधी घरातली, गोठ्यातली, मोटारीवरची आणि ट्रॅक्टरवरची सगळी हत्यारे अंगणात पोत्यावर मांडा. दोनदा निघालेली वेगळी करा. एकाच मापाचे तीन पाने निघतील आणि नेमका हवा तो एकही नसेल, ही खात्री बाळगा.

माप पाहताना एवढे ध्यानात ठेवा. पान्यावरचा आकडा हा नटाच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधल्या अंतराचा असतो, बोल्टच्या जाडीचा नव्हे. साधारणपणे ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० चा पाना लागतो, ८ च्या बोल्टला १३ चा, १० ला १७ चा, १२ ला १९ चा, १६ ला २४ चा आणि २० ला ३० चा. अलीकडच्या काही यंत्रांत १७ च्या जागी १६ आणि १९ च्या जागी १८ असतो. जुन्या यंत्रांचे नट इंची मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना चालतो खरा, पण नट घट्ट बसलेला असला तर घसरून कोपरे मारतो. कोपरे गेले की मग छिन्नी-हातोडी आणि शिव्या!

नट जाम असेल तिथे दोन दातांच्या पान्यापेक्षा रिंग पाना बरा, कारण तो नटाला सगळीकडून धरतो. बॉक्स पान्यांचा संच असेल तर उत्तम. एका हँडलला वेगवेगळी डोकी लावायची ही युक्ती अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या एका कंपनीने १९२० साली बाजारात आणली. पाच हँडले आणि दहा डोकी, आणि त्यांत पन्नास पान्यांचे काम. पेटीतली जागाही वाचते. घेताना पाना घडीव आहे की ओतीव ते पाहा. ओतीव पाना स्वस्त मिळतो आणि जोर लावला की दात तुटून हाताला लागतो.

आता मांडलेल्या हत्यारांपैकी सर्वांत लांब कोणते ते टेपने मोजा. पेटी आतून त्याहून दोन बोटे तरी लांब हवी. छत्तीस इंची पाइप पाना असेल तर त्याच्यासाठी पेटी वाढवू नका, त्याला भिंतीवर खुंटी द्या. जॅक, घण, साखळी आणि टोचण यांनाही पेटीत घालू नका. ते खाली जमिनीवरच शोभतात. उरलेली हत्यारे जितकी जागा घेतील, तिच्यावर तिसरा हिस्सा जागा मोकळी धरा. पुढच्या वर्षी काहीतरी वाढणारच.

पत्रा काट्यावर घाला

आता मुख्य मुद्दा. इथे आम्ही स्वतः फसलो आहोत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आम्ही एक लाल चकचकीत पेटी घेतली. रंग असा की तोंड दिसावे. विकणारा म्हणाला, "हेवी आहे साहेब, पिढ्यान्‌पिढ्या चालंल." आम्ही वर टिचकी मारली, खण उघडून पाहिला, पैसे दिले. पहिल्या पावसाळ्यात झाकणाची बिजागरी सुटली. दुसऱ्या वर्षी पाइप पाना आत टाकला तेव्हा तळाला पोक आला. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

रंगाखाली पत्रा किती जाड आहे ते डोळ्याला कळत नाही. पण काट्याला कळते. हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड असा लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. हा आकडा लिहून ठेवा, दारे-खिडक्या करून घेतानाही उपयोगी पडेल. पत्र्याची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२, २० गेज ०.९, २२ गेज ०.७ आणि २४ गेज तर ०.५६ मिलिमीटर.

आता ३६ इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच अशी ट्रंक धरा. झाकणासकट तिला सुमारे २.०९ चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे नुसत्या पत्र्याचे वजन १८ गेजला २० किलो, २० गेजला १५ किलो, २२ गेजला साडेअकराच्या वर आणि २४ गेजला जेमतेम ९ किलो. कडी, कोयंडा, मुठी आणि दुमडलेली कड यांचे वजन वेगळे. तेव्हा या मापाची रिकामी पेटी "अठरा गेजची आहे" असे सांगितले आणि ती बारा किलो भरली, तर पुढे बोलायचे कारणच नाही.

आपण उसाच्या वजनासाठी काट्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहणारी माणसे. तीच आपण पेटी मात्र रंग बघून घेतो! दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात असेल. लाजू नका.

आमच्या मते घरच्या मोठ्या पेटीला अंग १८ गेजचे आणि तळ १६ गेजचा असावा. बाजारच्या गावी ट्रंका करणारे कारागीर अजून आहेत. त्यांना माप आणि गेज कागदावर लिहून द्या, पत्रा कापताना समोर उभे राहा. तयार चकचकीत पेटीपेक्षा ही पेटी साधी दिसेल, पण नातवाला पुरेल. कारागिराला पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात:

तळाला अँगलचे दोन आडवे पाय, म्हणजे खालून वारा खेळेल. झाकणाची कड बाहेरून दुमडून खाली उतरलेली, म्हणजे पाणी आत जाणार नाही. बिजागऱ्या दोन नव्हे, तीन. मुठी नुसत्या डाग देऊन चिकटवलेल्या नकोत, मागे पट्टी लावून पक्क्या वेल्डिंगच्या हव्यात. कोयंड्याचे बोल्ट आतून कसलेले, म्हणजे चोराला बाहेरून खोलता येणार नाहीत. झाकण पडू नये म्हणून आत आडणी किंवा साखळी. जड झाकण बोटांवर पडले तर बोट राहत नाही. आणि आत वरच्या बाजूला उचलता येणारा एक उथळ थाळा, ज्यात रोजची हत्यारे राहतील.

खणांचे कपाट घ्यावे का?

शहरातल्या गॅरेजमध्ये चाकांवरचे खणांचे कपाट असते. हल्ली ते आपल्याकडेही दिसू लागले आहे. सोय मोठी आहे, प्रत्येक हत्यार डोळ्यांसमोर येते, उपसाउपशी नाही. पण किंमतही मोठी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये. ज्याच्याकडे दोन-तीन वाहने आहेत, जो दुसऱ्यांची दुरुस्ती करून देतो, ज्याच्या शेडला पक्का कोबा आहे, त्याने अवश्य विचार करावा.

घेताना खण पूर्ण बाहेर ओढा आणि त्यात दहा लिटर पाण्याने भरलेला कॅन ठेवा, म्हणजे दहा किलो झाले. मग दुसरा ठेवा. खण पुढे झुकला किंवा मागे ढकलताना अडखळला तर तो कपड्यांचा खण आहे, हत्यारांचा नव्हे. खणाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत लोखंडी गोळ्या, म्हणजे बॉल बेअरिंग असावे. चाके मोठी हवीत, निदान चार इंची, आणि दोन चाकांना ब्रेक. काळ्या रानात किंवा मुरमाच्या जमिनीवर मात्र चाकांचा काही उपयोग नाही, ती रुतून बसतात.

एक धोका मुद्दाम सांगतो. भरलेल्या कपाटाचे वरचे दोन-तीन खण एकदम उघडले तर सगळा भार पुढे येतो आणि कपाट तोंडावर पडते. समोर लेकरू असेल तर? चांगल्या कपाटात एका वेळी एकच खण उघडेल अशी अडण असते, ती आहे का ते विचारा. जड हत्यारे नेहमी खालच्या खणात ठेवा आणि कपाट मागून भिंतीला पट्टीने बांधा.

मोठी पेटी असो की कपाट, ते घरी राहणार. ट्रॅक्टरबरोबर फिरायला एक लहान पेटी वेगळी हवीच. उघडली की दोन्हीकडे पायऱ्यांसारखी पसरणारी पाच कप्प्यांची पेटी त्यासाठी चांगली. तिच्यात चाकपाना, १० ते २४ चे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, तार, फ्यूज, बॅटरी आणि दोन जादा चाकनट एवढे असले की रस्त्यावरची रात्र टळते. प्लास्टिकची पेटी गंजत नाही हे खरे, पण आपल्या उन्हात वर्षानुवर्षे राहिली की ठिसूळ होते. ती विजेच्या सामानासाठी सावलीत ठेवावी.

पेटीची जागा

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल धरून ठेवते. पेटी मातीवर टेकवली की दोन पावसाळ्यांत तळ चाळणी होतो. खाली शहाबादी फरशी किंवा चार विटा द्या, भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवा.

खताच्या गोणीशेजारी पेटी कधीही ठेवू नका. खत हवेतली ओल ओढून घेते, आणि ते खारे पाणी लोखंड खाते. हत्यारे युरियाच्या रिकाम्या गोणीत ठेवणाऱ्यांनी आता ती उघडून पाहावीत. बॅटरी चार्जिंगची जागाही लांब हवी. तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने पाने काळे-तांबडे पडतात आणि तिथला वायू ठिणगीने पेट घेऊ शकतो. कीटकनाशकाची बाटली पेटीत ठेवणे तर जीवाशी खेळ. त्याच हातांनी आपण तंबाखू मळतो.

पावसाळ्याच्या तोंडाला एकदा सगळी हत्यारे कोरडी पुसून नव्या ऑइलचे फडके फिरवावे. इंजिनातून काढलेले जळके ऑइल नको, त्यात आम्ल आणि काजळी असते.

वर्कशॉपची शिस्त घरी

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची देवघेव कशी चालते ते पुढच्या खेपेला जरूर पाहावे. कामगाराला पाना हवा असेल तर तो आपल्या नंबरचा बिल्ला देतो. पाना जिथून निघतो त्या खिळ्यावर बिल्ला अडकतो. पाना परत आला की बिल्ला परत. कुणाला ओरडावे लागत नाही, खिळाच सांगतो.

हे घरी का करू नये? थाळ्यात प्रत्येक हत्यार ठेवून त्याच्याभोवती रंगाने रेघ काढा. जागा रिकामी दिसली की कळते. पाना शेजारी गेला तर रिकाम्या जागी चिठ्ठी ठेवा: कुणी नेला, कधी नेला. यात अविश्वास नाही. दिवाळीतले उसने पौषात कुणालाच आठवत नाही, एवढेच.

आणि पेटीवर एकट्या कारभाऱ्याची मालकी नसावी. किल्ली ठरलेल्या खुंटीवर असावी आणि ती घरच्या सर्वांना माहीत असावी. शिवारात मोटार बंद पडते तेव्हा घरी बहुधा बायामाणसेच असतात. फोनवरून "थाळ्यात उजवीकडून तिसरा, सतराचा" एवढे सांगितले आणि दुसऱ्या मिनिटाला तो हाती लागला, तर पेटीचे पैसे तिथेच वसूल झाले. ज्या सभासदाची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्यांच्या घरी आता अशी पेटी आहे. चाकपान्याभोवती पांढरी रेघ त्यांच्या पोराने काढली आहे. आबांनी पाना उचलला की पोरगा विचारतो, "चिठ्ठी?"

सभासद बंधूंनो, हंगाम जवळ येतो आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपण ट्रॅक्टर धुतो, हत्यारे पाटावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो. वर्षातून सगळी हत्यारे एकत्र येतात ती बहुधा त्या एकाच दिवशी. यंदा पूजा झाली की ती मोजा, पुसा आणि लगेच पेटीत ठेवा. पूजेला जे सापडणार नाही, ते रात्री दहाला रस्त्यावरही सापडणार नाही.